सामाईक कामाचा लेखी करार



इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. आज ज्या इतिहासाविषयी आम्ही बोलणार आहोत त्यात एकही राजा नाही; परंतु तह पुष्कळ आहेत, आणि त्यातला कोणता टिकला व कोणता मोडला हाच त्या इतिहासाचा सारांश आहे. विषय आहे संगणकाच्या क्षेत्रात लोकांनी सामाईक म्हणून उभ्या केलेल्या कामाचा, आणि त्या कामाशी बड्या कंपन्यांनी जोडलेल्या सोयरिकीचा.

संगणकाला काय करावे हे सांगणारी जी आज्ञांची मांडणी, तिला आपण सॉफ्टवेअर म्हणतो. ही मांडणी आधी माणसाला वाचता येईल अशा स्वरूपात लिहिली जाते. तिला मूळ संहिता म्हणावे. पुढे तिचे यंत्राला कळेल असे रूपांतर होते, आणि ते रूप माणसाला सहसा वाचता येत नाही. ज्याच्या हाती मूळ संहिता आहे तो दुरुस्ती करू शकतो, फेरफार करू शकतो, आत कुठे चोरवाट ठेवली आहे काय हे पाहू शकतो. ज्याच्या हाती केवळ यंत्ररूप आहे तो निव्वळ गिऱ्हाईक. एवढा भेद ध्यानात ठेवला तर पुढची हकीकत समजण्यास कॉलेजच्या पदवीची गरज नाही. आम्ही स्वतः ती पायरी चढलेलो नाही. कामगार संघटनेच्या कामात करारनामे वाचता वाचता वाचनाची जी सवय लागली, तिच्याच वाटेने आम्ही या विषयापर्यंत आलो. म्हणून त्याकडे पाहण्याची आमची दृष्टीही करार वाचणाऱ्या माणसाची आहे.

आरंभी सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विकण्याची वस्तू मानली जात नव्हती. आयबीएम ही त्या काळची सर्वांत मोठी संगणक कंपनी यंत्राबरोबरच ते देत असे. १९६९ साली तिने यंत्राची आणि सॉफ्टवेअरची किंमत वेगळी लावण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स नावाच्या प्रणालीचा जन्म झाला. बेल प्रयोगशाळेची मालक एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी. सरकारशी १९५६ साली झालेल्या तडजोडीमुळे तिला दळणवळणाबाहेरच्या धंद्यात उतरता येत नव्हते. त्यामुळे युनिक्स अल्प मोबदल्यात, मूळ संहितेसह, विद्यापीठांना मिळू लागले. बर्कले येथील विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी त्यात मोलाची भर घातली. सर्वांना वाटले, हे आता आपलेच आहे.

परंतु १९८४ साली एटी अँड टीचे विभाजन झाले, तिच्यावरचे बंधन उठले, आणि युनिक्स ही विकाऊ वस्तू झाली. पुढे १९९२ साली बर्कलेच्या खुल्या आवृत्तीवर खटलाही भरला गेला; त्याची तडजोड होण्यास १९९४ साल उजाडले. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील पहिला धडा हाच. कंपनीने दिले होते ते उदारपणाने दिले नव्हते. कायद्याने तिचे हात बांधलेले होते म्हणून दिले होते. हात सुटताच मूठ मिटली. जे घेणारे होते त्यांच्यापाशी त्या औदार्याचा एकही लेखी कागद नव्हता.

तो कागद लिहिला रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थांनी. ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत नोकरीस होते. १९८३ च्या सप्टेंबरात त्यांनी ‘ग्नू’ या नावाने संपूर्ण मुक्त प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला, आणि संस्थेने आपल्या कामावर मालकी सांगू नये म्हणून १९८४ च्या जानेवारीत नोकरीचा राजीनामा दिला. १९८५ साली त्यांनी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले आणि १९८९ साली ‘जीपीएल’ नावाचा सार्वजनिक परवाना प्रसिद्ध केला.

या परवान्यात काय आहे? घेणाऱ्याने सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरावे, मूळ संहिता वाचावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी. अट एकच. बदललेली वा न बदललेली प्रत जो दुसऱ्यास देईल, त्याने हेच सर्व हक्क मूळ संहितेसह पुढच्याला दिले पाहिजेत. लेखनाच्या मालकीहक्काचा कायदा मालक इतरांना दूर ठेवण्यासाठी वापरतात. स्टॉलमन यांनी तोच कायदा कोणालाही दूर ठेवता येऊ नये यासाठी वापरला. युक्ती साधी, पण तिच्यामुळे सामाईक कामाला प्रथमच कोर्टात टिकेल असा आधार मिळाला.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हौसेखातर एका प्रणालीचा गाभा लिहिला. तोच लिनक्स. पुढच्या वर्षी त्याने तो जीपीएलखाली आणला, आणि जगाच्या पाठीवरून अनोळखी माणसे त्यात दुरुस्त्या पाठवू लागली. १९९८ साली नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता खुली करण्याचे ठरवले. त्याच सुमारास व्यापारी मंडळींच्या पचनी पडावे म्हणून ‘ओपन सोर्स’ हा नवा शब्द रूढ करण्यात आला. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने स्वातंत्र्य आणि फुकटेपणा या दोहोंचा बोध होतो, ही त्यामागची अडचण. आपल्या भाषेत मुक्त आणि फुकट हे दोन शब्द वेगळे आहेत, हे आपले भाग्य. तो वेगळेपणा आपण विसरू नये. नाव बदलले तेव्हा स्टॉलमन यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की नव्या नावात सोय दिसते, स्वातंत्र्य दिसेनासे होते. पुढील पंचवीस वर्षांत ते पुष्कळ अंशी खरे ठरले.

आता बड्या कंपन्यांचे वर्तन पाहू. १९९८ साली मायक्रोसॉफ्टची काही अंतर्गत टिपणे बाहेर फुटली. त्यांत मुक्त सॉफ्टवेअर हा आपल्या धंद्याला धोका आहे असे नमूद केले होते, आणि सर्वांच्या वापरातील सामाईक नियमांत आपली खास भर घालून प्रतिस्पर्ध्यांना वाट बंद करावी, असाही विचार मांडलेला होता. २००१ साली त्या कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. त्याच वर्षी आयबीएमने मात्र लिनक्सवर शंभर कोटी डॉलर खर्च करण्याचा बेत आखला होता. एकाच वस्तूला एक कंपनी रोग म्हणते आणि दुसरी तिच्यावर पैसा ओतते, याचा अर्थ काय? एक वाईट आणि एक चांगली, असा अर्थ नव्हे. मायक्रोसॉफ्ट प्रणाली विकत होती. आयबीएम यंत्रे आणि सेवा विकत होती. खालची प्रणाली सर्वांची झाली तर आयबीएमचे काहीच बुडत नव्हते, उलट प्रतिस्पर्ध्याच्या मक्तेदारीला खिंडार पडत होते.

पुढे मायक्रोसॉफ्टचा नफाही प्रणाली विकण्यापेक्षा संगणक भाड्याने देण्यातून अधिक येऊ लागला. मग २०१६ साली ती लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली, आणि २०१८ साली तिने गिटहब ही कंपनी साडेसातशे कोटी डॉलरना विकत घेतली. जगातील खुल्या सॉफ्टवेअरचा केवढा तरी भाग या एका ठिकाणी ठेवलेला असतो. २०१९ साली आयबीएमने रेड हॅट ही लिनक्सची आघाडीची कंपनी तीन हजार चारशे कोटी डॉलरना घेतली. याला कोणी हृदयपरिवर्तन म्हणतात. आमच्या अनुभवात मालकाचे हृदय सहसा त्याच्या ताळेबंदामागोमाग चालते. त्यात संतापण्यासारखे काही नाही. फक्त हिशेब करताना ते गृहीत धरावे.

आणि येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. लिनक्समध्ये एवढ्या कंपन्या शिरल्या तरी लिनक्स कोणा एकीच्या घशात गेले नाही. कारण जीपीएल. गाभ्यात बदल करून जी कंपनी तो बाजारात देईल, तिला तो बदल उघड करावा लागतो. एक घरचे उदाहरण घ्या. २००४ साली रेड हॅटने भारतीय लिप्यांसाठी ‘लोहित’ नावाचे टंक जीपीएलखाली खुले केले. त्यात आपली देवनागरीही आली. पुढे कंपनीची मालकी बदलली, धोरणे बदलली, पण ती अक्षरे कोणाला परत मागता आली नाहीत. दान दिले होते, आणि दानपत्रही करून दिले होते.

याच्या उलट हकीकत जॅबरची. १९९९ साली जेरेमी मिलर या अमेरिकन तरुणाने संगणकावरून तत्काळ निरोप पाठवण्याची एक खुली पद्धत सुरू केली. पुढे तिला एक्सएमपीपी हे नाव मिळाले व २००४ साली इंटरनेटच्या प्रमाण नियमांत स्थान मिळाले. तिची रचना टपालासारखी होती. तुमचे खाते एका गावच्या पोस्टात, आमचे दुसऱ्या. तरी पत्र पोचते, कारण सर्व पोस्टे एकमेकांची थैली स्वीकारतात. कोणीही आपला सर्व्हर मांडावा आणि या मंडळात सामील व्हावे. मध्ये कोणी धनी नाही.

२००५ च्या ऑगस्टात गूगलने आपली ‘गूगल टॉक’ ही सेवा याच पद्धतीवर काढली, आणि २००६ च्या जानेवारीत इतर सर्व्हरांसाठी दार उघडले. छोट्या सर्व्हरवाल्यांना आनंद झाला. एवढा मोठा भागीदार लाभला म्हणजे आता ही पद्धत जगभर होणार! २०१३ च्या मे महिन्यात गूगलने ‘हँगआउट्स’ ही नवी सेवा आणली. तिच्यात बाहेरच्या सर्व्हरांशी निरोपांची देवघेव नव्हती. गूगलने कोणताही करार मोडला नाही, कारण मोडण्यासारखा करार मुळी नव्हताच. नियम खुले होते, पण ते पाळण्यास कोणी बांधलेला नव्हता.

काही जण म्हणतात, गूगलने जॅबरचा जीव घेतला. हे आम्हाला अर्धेच पटते. ती पद्धत आजही चालू आहे, आणि गूगल येण्यापूर्वीही ती काही घरोघर पोचलेली नव्हती. खरे नुकसान निराळे होते. छोट्या सर्व्हरवरच्या माणसाचे बहुतेक स्नेही मोठ्या सर्व्हरवर असले, म्हणजे मोठ्याचे दार मिटताच छोट्याचे घर ओस पडते. स्नेही मात्र होते तेथेच बसलेले असतात, त्यांना काही हरवल्याचे कळतही नाही. फुटीचा सारा भार दुबळ्या बाजूवर येतो. आपण रोज वापरतो ते व्हॉट्सॲपसुद्धा याच एक्सएमपीपी घराण्यातील खुल्या सॉफ्टवेअरच्या पायावर उभे राहिले. परंतु त्याचे दार इतर सर्व्हरांसाठी उघडे असे आरंभापासूनच नव्हते. पाया सामाईक आणि वाडा खासगी.

लेखी करार झाला म्हणजे सर्व भागले, असेही नाही. करारातल्या पळवाटाही पाहाव्या लागतात. जीपीएलची अट लागू होते ती प्रत दुसऱ्याच्या हाती दिल्यावर. प्रत आपल्याच यंत्रावर ठेवून लोकांना दुरून केवळ सेवा दिली, तर काही उघड करावे लागत नाही. भाड्याच्या संगणकांचा धंदा वाढला तशी ही फट रुंदावली. २००७ साली ती बुजवणारा ‘एजीपीएल’ हा परवाना निघाला; परंतु तो स्वीकारणारे थोडे, आणि ज्या कामांना जीपीएलपेक्षाही सैल परवाने होते त्यांचे काय? इलॅस्टिकसर्च नावाच्या शोध-सॉफ्टवेअरची गोष्ट पाहा. ॲमेझॉन ते सेवा म्हणून विकू लागली, तेव्हा मूळ कंपनीने २०२१ साली परवानाच आवळला. ॲमेझॉनने जुनी खुली प्रत घेऊन ओपनसर्च नावाने निराळी शाखा काढली. २०२४ साली मूळ कंपनी पुन्हा एजीपीएलकडे वळली. या भांडणात मोठी कंपनी दोषी की लहान? आम्ही म्हणतो, ज्या कामाचे हक्क एकाच कंपनीच्या तिजोरीत आहेत ते काम खुले असले तरी सामाईक नव्हे. मालक लहान आहे एवढ्याने तो विश्वस्त होत नाही.

तसेच अँड्रॉइडचे. या सभागृहातील बहुतेकांच्या खिशातला फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. अँड्रॉइडची बरीचशी मूळ संहिता खुली आहे. परंतु ॲप मिळण्याचे दुकान गूगलच्या मालकीचे, आणि ते दुकान फोनवर हवे असेल तर फोन बनवणाऱ्याने गूगलच्या अटी मान्य केल्या पाहिजेत. गूगलची ॲप्स आधीपासून बसवून देणे ही त्यांतलीच एक होती. युरोपीय आयोगाने याबद्दल २०१८ साली चारशे चौतीस कोटी युरोंचा दंड केला. तो २०२२ साली न्यायालयाने थोडा कमी केला. आपल्या स्पर्धा आयोगानेही २०२२ च्या ऑक्टोबरात गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि २०२३ साली अपील लवादाने दंडाची ती रक्कम कायम ठेवली. घराला कुलूप नाही, पण अंगणाला कुंपण आहे, असा हा प्रकार.

आता आमच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. हे काम करतो कोण? २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये एक भयंकर चूक सापडली. इंटरनेटवरील बँका, दुकाने, सरकारी कचेऱ्या यांचे गुप्त व्यवहार ज्यावर विसंबून होते ते हे सॉफ्टवेअर. आणि त्याच्या संस्थेला वर्षाकाठी देणगी मिळत होती सुमारे दोन हजार डॉलर. बोभाटा झाल्यावर कंपन्यांनी निधी उभारला. २०२४ च्या मार्चमध्ये तर एक्सझेड नावाच्या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी मुद्दाम चोरवाट पेरल्याचे उघडकीस आले. ते सांभाळणारा स्वयंसेवक एकटा आणि थकलेला. मदतीच्या नावाने आलेल्या इसमाने दोन वर्षांहून अधिक काळ त्याचा विश्वास संपादन केला होता. ही चोरवाट पकडली ती मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणाऱ्या एका अभियंत्याने, यंत्र जरा मंद का चालते याचा शोध घेताना. तेव्हा कंपनीतला माणूस म्हणजे परका, असे मानण्याचे कारण नाही. तोही कामगारच आहे, आणि पुष्कळदा सामाईक कामावर त्याचे आपल्याइतकेच प्रेम असते.

लिनक्सच्या गाभ्यावरचे बहुतांश काम आज पगारी माणसे करतात. यात आम्हाला आक्षेपार्ह काही वाटत नाही. कामाचे दाम मिळालेच पाहिजे. फुकट राबणे हा काही सद्गुण नव्हे. प्रश्न असा की, कोणते काम आधी करायचे आणि कोणते पडून राहू द्यायचे हे ठरवतो कोण? जेथे निर्णय करणाऱ्या मंडळातील जागा वर्गणीच्या आकड्यावर मिळतात, तेथे वर्गणीदाराच्या गरजेचे काम आधी होणार. मालकाच्या वर्गणीवर चालणाऱ्या युनियनचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना हे फोड करून सांगायला नको. तेथे चहा चांगला मिळतो, आणि मागण्यांची यादी आखूड होत जाते.

दुसरी तऱ्हा नाही काय? आहे. १९९३ साली सुरू झालेला डेबियन हा लिनक्सचा प्रकल्प पाहा. त्याचा १९९७ चा लेखी सामाजिक करार आहे, घटना आहे, आणि त्याचा प्रमुख सभासद दरवर्षी मतदानाने निवडतात. कंपन्या देणग्या देतात, त्यांची माणसेही काम करतात. पण मत सभासदाचे असते, कंपनीचे नसते. तीस वर्षांहून अधिक काळ हा संसार चालला आहे. त्यात भांडणे पुष्कळ झाली. परंतु ज्या संघटनेत भांडणे होत नाहीत तिचे निर्णय दुसरीकडे कोठे तरी होत असतात, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आज तोच जुना प्रश्न नव्या वेषात पुढे आला आहे. २०१६ साली मॅस्टोडॉन हे सामाजिक माध्यम निघाले. त्याचीही रचना पोस्टासारखीच, अनेक सर्व्हरांची. २०१८ साली ॲक्टिव्हिटीपब या त्याच्या सामाईक नियमांना अधिकृत मान्यता मिळाली. २०२२ च्या ऑक्टोबरात एलन मस्क यांनी ट्विटर घेतल्यावर लोक तिकडे लोटले. २०२३ च्या जुलैत फेसबुकची मालक मेटा हिने ‘थ्रेड्स’ काढले. पाच दिवसांत त्यावर दहा कोटी खाती उघडली गेली. आणि पुढे आपणही ॲक्टिव्हिटीपब स्वीकारणार, असे कंपनीने सांगितले. २०२४ साली काही देशांत त्याला सुरुवातही झाली. छोट्या सर्व्हरवाल्यांत दोन तट पडले. एक म्हणतो, जॅबरची आठवण ठेवा, दार लावा. दुसरा म्हणतो, एवढी माणसे पलीकडे आहेत, त्यांच्याशी बोलणे सोडून आपण आपल्या कोपऱ्यात किती दिवस बसणार?

दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि म्हणूनच केवळ स्वागत किंवा केवळ बहिष्कार यांपैकी एकाने हा प्रश्न सुटणार नाही. मोठ्याशी बोलणी करावीत. पण आपले घर त्याच्यावाचूनही चालेल अशा बेताने उभारून, आणि दार मिटण्याचा हक्क त्याच्याइतकाच आपल्याकडेही ठेवून. जेथे बोलणी पुरत नाहीत तेथे कायदा हवा. कामगारांचे आठ तास सर्व मालकांच्या सद्भावनेने आलेले नाहीत. युरोपने २०२२ साली डिजिटल बाजाराचा कायदा केला. त्यान्वये व्हॉट्सॲपसारख्या सेवांनी मागणी करणाऱ्या इतर सेवांशी निरोपांची देवघेव केली पाहिजे. म्हणजे जे २०१३ साली गूगलला मर्जीवर सोडता आले, ते तेथे आता मर्जीवर राहिलेले नाही. आपल्याकडेही २०१६ च्या फेब्रुवारीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ठरावीक संकेतस्थळांपुरते स्वस्त वा फुकट इंटरनेट देण्यास मनाई केली, आणि फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ ही योजना येथे थांबली. लाखो साध्या नागरिकांनी त्या वेळी पत्रे लिहिली होती. फुकट आणि मुक्त यांतला भेद त्या लोकांना कळला होता.

आपल्या गावात वाचनालये आहेत, पतपेढ्या आहेत, शाळा, सहकारी संस्था आणि कामगार संघटना आहेत. या सगळ्यांची सभासदयादी, हिशेब आणि पत्रव्यवहार आज कोणाच्या तरी संगणकावर पडून आहे. पुढच्या वार्षिक सभेत तीन प्रश्न विचारावेत. आपले दफ्तर उद्या दुसरीकडे न्यायचे म्हटले तर नेता येईल काय? ज्या सॉफ्टवेअरवर ते चालते त्याचा परवाना कोणी वाचला आहे काय? आणि ते खुले असल्यास, ज्या माणसांनी ते बनवले त्यांना आपण कधी शंभर रुपये तरी पाठवले काय? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. तोंडी उत्तरांचे काय होते, ते एवढा वेळ आपण पाहिलेच आहे.